'बंद बग्गी'ची पहिली आवृत्ती

मी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली असा दौरा करून आलो म्हटलं की कोल्हापुरातली माणसं पहिल्यांदा विचारतात, "तिकडं कोण असतं तुमचं?" कोणी नसतं. लग्नकार्य नव्हतं, मयत नव्हती, कोर्टाची तारीख नव्हती. एका पुस्तकासाठी गेलो होतो, असं सांगितलं की ती आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या बायकोकडे. ती म्हणते, "माझ्याकडं काय बघताय? मला विचारून गेले नव्हते."

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि काने दुरुस्त करायचे हे माझं काम. घरी मात्र माझं एक कपाट आहे आणि त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या आधी निघालेल्या 'काळा कंदील' रहस्यमालेच्या पहिल्या आवृत्त्या आहेत. मालेत एकूण बारा पुस्तकं निघाली. अकरा माझ्याकडे होती. बारावं, 'बंद बग्गी', माझ्याकडे होतं, पण दुसऱ्या आवृत्तीचं, म्हणजे माझ्या लेखी नव्हतंच.

खुनाच्या कादंबऱ्यांची पहिली आवृत्ती चांगल्या स्थितीत मिळणं फार कठीण. संतांची चरित्रं लोक देव्हाऱ्याजवळ ठेवतात, कवितांची पुस्तकं भेट देतात आणि ती कोरीच राहतात. खुनाचं पुस्तक मात्र अख्खी चाळ वाचते. चुलीपुढे वाचते, पाटावर वाचते, अंथरुणात वाचते. त्यामुळे मी पुस्तक हातात घेतलं की आधी पाठ बघतो, मोडली आहे का. मग शिवण, मग कोपरे. मग मधलं एखादं पान उघडून वास घेतो, कारण ओल डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते. शेवटी वेष्टन, म्हणजे चित्राचा कागद, तो मूळचा आहे का आणि धड आहे का. एवढं सगळं बघतो. वाचत नाही. दिवसभर वाचूनच पोट भरतो, घरी येऊन पुन्हा कोण वाचणार? आमच्या कपाटातले खून कोणी केले हे मला विचाराल तर बारांतल्या दोहोंचं सांगता येईल.

गणपती गेले आणि छापखान्यात दिवाळी अंकांची कामं यायची होती. मधल्या फटीत मालकांकडून पाच दिवस मागून घेतले, पिशवीत दुसऱ्या आवृत्तीची प्रत टाकली, म्हणजे पहिली सापडली तर ताडून बघता येईल, आणि निघालो.

ठाणे

ठाण्याला तळ्याच्या काठी उतरलो. आमच्या रंकाळ्याची सवय असलेल्या माणसाला हे तळं तसं आटोपशीर वाटतं, पण काठावर सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचा रुबाब मात्र रंकाळ्याएवढाच. एका खाणावळीत जेवलो. बोंबील चांगले होते. आमटीत मात्र खोबरं, भाजीत खोबरं आणि तिखट नावाला. वाढप्याला मिरची मागितली तर त्यानं एक हिरवी मिरची अशी हळूच पानात ठेवली, जणू मी काही भलतंच करणार आहे.

खाडीची हवा पुस्तकांना मानवत नाही, हे इथं आल्यावर डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे पुस्तक मरतं ते वाळवीनं. इथं ते फुगतं. तारेनं टाचलेलं असेल तर तार गंजते आणि मधल्या पानांवर दोन तांबडे डाग उमटतात. स्टेशनजवळच्या एका खाजगी वाचनालयात मी गेलो तर शेल्फातली पुस्तकं एकमेकांना अशी चिकटून बसली होती की एक ओढलं तर तीन आली.

वाचनालयाचे मालक नानासाहेब म्हणून एक गृहस्थ. नाकावर चष्मा, अंगात बनियन. पहिल्या आवृत्त्या शोधतो म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पहिली काय, दुसरी काय, मजकूर तोच ना?"

"मजकूर तोच हो. पण वस्तू वेगळी."

"बघा बुवा. आमच्याकडे 'बंद बग्गी' आहे. पहिलीच असेल. त्यानंतर मी घेतलीच नाही, ही फाटेना."

त्यांनी अभिमानानं प्रत काढून दिली. मी कपाळाला हात लावायचा राहिलो एवढंच. पुस्तक नव्यानं बांधलेलं, वर हिरवं रेक्झिन. बांधणाऱ्यानं तिन्ही बाजू इतक्या कापलेल्या की समास जवळजवळ गेले. वेष्टन अर्धं कापून आतल्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेलं, त्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का. सातव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं ठळक लिहिलं होतं, 'वकिलावर लक्ष ठेवा'. आणि शेवटची सोळा पानं, म्हणजे अख्खा एक फर्मा, गायब.

"शेवट कुठे गेला?" मी विचारलं.

"नेला कोणीतरी. शेवट नेहमीच नेतात. पण एक सांगू का, त्यामुळे पुस्तकाची मागणी वाढली. घरी जाऊन लोक आपापसात भांडतात, खुनी कोण म्हणून."

मी माझ्या वहीत लिहिलं: समास कापलेले, वेष्टन चिकटवलेलं, पान सातवर पेन्सिलीचा डाग, शेवटचा फर्मा नाही. वही मिटली. नानासाहेबांना माझी कीव आली असावी. त्यांनी कोपऱ्यावरून चहा मागवला आणि म्हणाले, "तुम्ही कल्याणला बंडोपंतांना भेटा. लढाईच्या आधी स्टेशनवर त्यांचा पुस्तकांचा स्टॉल होता. ही सगळी माला त्यांनीच विकली इकडे."

कल्याण

कल्याणला टांगेवाल्यानं मला बाजारातून नेलं. गुळाच्या ढेपी, सुकी मासळी, मिरच्यांची पोती, आणि त्यातच घोड्यानं मध्येच थांबायचं ठरवलं. टांगेवाला घोड्याशी बोलला, मग घोड्याच्या आईबद्दल बोलला, आणि शेवटी मला म्हणाला, "साहेब, इथून चालतच बरं पडंल तुम्हाला." एका वाण्याच्या दुकानासमोर मी उतरलो. तो जिरं बांधून देत होता, एका कादंबरीच्या पानात. मी पान मागून घेतलं. काळा कंदील नव्हतं. तरी जिरं घेतलं, उगाच.

बंडोपंत पार नाक्याच्या मागे एका माडीवर राहत होते. सत्तरीचे असतील, दात गेलेले, पण आठवण लख्ख.

"काळा कंदील? अहो, गठ्ठा आला की संध्याकाळच्या आत संपायचा. पण चांगल्या स्थितीतली प्रत म्हणाल तर एकाच माणसाकडे असेल. 'मधली प्रत'!"

"म्हणजे?"

"आम्ही त्यांना मधली प्रतच म्हणायचो. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, आपटे आडनावाचे. वरची प्रत कधी घेणार नाहीत. वरच्या प्रतीवर धूळ बसते म्हणायचे, खालची दबते. गठ्ठ्यात बोटं घालून मधली ओढायचे. मग चारी बाजूंनी बघणार, वास घेणार..."

मला एकदम घरच्या माणसाची खबर मिळाल्यासारखं झालं. या मुलखात पुस्तकाचा वास घेणारा आणखी एक जण होता तर! चहाच्या आधीच मी पत्ता विचारला.

"डोंबिवलीला. पण ते गेले हो. बरीच वर्षं झाली. बारावं पुस्तक नेलं त्यानंतर फार दिवस नव्हते. त्यांची बायको आहे तिथेच. आपट्यांचं बिऱ्हाड म्हणून विचारा, कोणीही सांगेल."

खाली उतरताना आपटे गेल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, माझ्या मनात एवढंच होतं की त्यांच्यामागे पुस्तकं कोणी रद्दीत घातली नसली म्हणजे मिळवली.

डोंबिवली

डोंबिवली म्हणजे भातखाचरांत उगवलेल्या चाळी. स्टेशन मागे पडलं की शेतं, मग एक विहीर, चार बिऱ्हाडं, पुन्हा शेतं. बेडूक दिवसाढवळ्या ओरडतात. नोकरदार माणसं चपला हातात घेऊन, धोतर खोचून स्टेशनाकडे जातात आणि तिथं पाय धुऊन साहेब होतात. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. माझी कोल्हापुरी वहाण दुसऱ्याच बांधावर चिखलात रुतली ती अंगठा तुटूनच बाहेर आली. एका हातात वहाण, एका हातात पिशवी, असा मी आपट्यांच्या दारात उभा राहिलो.

आपटेवहिनी पन्नाशीच्या आसपासच्या. फिकट पांढरं नेसलेल्या, कपाळ मोकळं, डोळे मात्र मिश्कील. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"कुठून आलात?"

"कोल्हापूरहून."

"आणि एवढ्या लांबून चिखल घेऊन आलात? इथे होता की भरपूर. विहिरीवर पाय धुऊन या."

पाय धुऊन आलो आणि कामाचं सांगितलं. बाकीचे लोक हसतात तशा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे ह्यांच्यासारखेच तुम्ही." मग म्हणाल्या, "आधी जेवा."

अळूचं फदफदं होतं, वालाचं बिरडं होतं, गरम भात होता. सगळ्यात गूळ. मी कोल्हापूरचा माणूस, तिखटावाचून घास उतरत नाही, पण ते बिरडं मी तीनदा वाढून घेतलं. वहिनी जेवण वाढता वाढता बोलत होत्या. मुलगा जबलपूरला नोकरीला लागलेला. येत्या गुरुवारी तो न्यायला येणार आणि डोंबिवलीचं बिऱ्हाड कायमचं मोडणार. घरात अर्ध्या वस्तू बांधून ठेवलेल्या दिसत होत्या. मी आलो तो हा गुरुवार. म्हणजे आठ दिवस उशीर झाला असता तर मी कुलूप बघून परत गेलो असतो.

जेवणं झाल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. जुन्या धोतरात गुंडाळलेलं, आत कडुलिंबाचा वाळका पाला आणि वेखंडाचे तुकडे. धोतर सोडलं आणि 'बंद बग्गी' माझ्या हातात दिली.

मी आधी हात कोरडे पुसले. वेष्टन मूळचं, तांबडा रंग जराही उडालेला नाही. पाठ ताठ. कोपरे चारही शाबूत. खाडीच्या एवढ्या जवळ राहून ओलीचा वास नाही. शीर्षकपानामागे 'आवृत्ती पहिली'. आणि पानं चाळत शेवटाकडे गेलो तर काय, शेवटच्या फर्म्याच्या घड्या वरच्या बाजूनं कापलेल्याच नव्हत्या. बांधणाऱ्याकडे कापणीच्या वेळी तो फर्मा खाली सरकला असणार, पातं त्याला लागलंच नाही. सोळा पानं वरून जोडलेली, छापखान्यातून आली तशीच. अशी प्रत मी आयुष्यात पाहिली नव्हती. या पुस्तकाचा शेवट कोणीही वाचलेला नाही, याचा याहून मोठा पुरावा नसतो.

दोषही होता. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात दोन ओळी होत्या: 'मी – वकील. सौ. – दिवाणजी.' ते रबरानं जाईल, असं मी मनात म्हटलं.

"ते आमचं भांडण आहे," वहिनी म्हणाल्या. मी त्या ओळींकडेच बघतोय हे त्यांनी ओळखलं होतं. "संध्याकाळी मी चुलीपाशी असायची आणि हे पाटावर बसून मोठ्यांदा वाचायचे. रोज एक प्रकरण. शेवटाच्या आधी थांबायचं आणि खुनी कोण ते दोघांनी सांगायचं. जो हरेल त्यानं आठवडाभर विहिरीचं पाणी भरायचं."

"मग कोण हरायचं?"

"हेच! अकरा पुस्तकं, अकरा आठवडे. चाळीतले लोक म्हणायचे, आपट्यांच्या घरी नवं पुस्तक आलं वाटतं." त्या हसल्या. "ह्यांना पुस्तक कसं सांभाळायचं ते कळायचं हो, खुनी कधी कळला नाही. पण या खेपेला ठामच होते. वकील म्हणजे वकीलच. म्हणाले, या वेळी पाणी नको. मी जिंकलो तर तू मला नावानं हाक मारायची. उखाणा नाही, आडवळण नाही, अहो नाही. माझी आई मारायची तशी, सरळ."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, जीभ झडेल माझी. ते म्हणाले, झडू दे, पण आधी हाक मार. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि ह्यांना हेच हवं होतं. पान उलटलं तर हे असं, जोडलेलं. मी विळी पुढे केली तर खवळले. विळीनं कड खरखरीत होते म्हणे. उद्या ऑफिसातून कागद कापायची हाडाची सुरी आणतो. खालून डोकावून बघता आलं असतं, पण ती चोरी." त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. "दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या खुर्चीतच गेले. छातीत कळ आली म्हणाले लोक. सुरी खिशात होती."

मी पुस्तक अलगद मिटलं.

"तेव्हा उघडलं नाही ते राहिलंच. पण आता हे घर सोडून जाणार, तर एकदा कळू दे. पुस्तक तुम्ही न्या, तुम्ही नीट ठेवाल. विकत नको, असंच. फक्त खून कोणी केला तेवढं मला सांगून जा. ह्यांचं एकदा तरी बरोबर आलं होतं का, एवढंच मला हवंय."

सरळ उपाय होता. सुरी घ्यायची, घड्या कापायच्या, वाचायचं. पण माझ्या पिशवीत दुसरी आवृत्ती होती आणि समोर न कापलेला फर्मा. महाराष्ट्रात अशी दुसरी प्रत नसेल. मी म्हणालो, "वहिनी, याला हात कशाला लावायचा? माझ्याकडे दुसरी प्रत आहे. त्यातून वाचतो. पुस्तक तेच."

"तेच ना?"

"तेच."

मी शेवटची दोन प्रकरणं मोठ्यानं वाचली. संस्थानातली बग्गी, आतून बंद, आत सरदारांचं प्रेत. वकील, पुतण्या, दिवाणजी, तिघंही दिवाणखान्यात जमलेले. मीही पहिल्यांदाच वाचत होतो. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. गुप्तहेरानं दिव्याची वात वर केली, तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बेड्या दिवाणजींच्या हातात पडल्या.

"म्हणजे मीच जिंकले," वहिनी म्हणाल्या.

"होय."

"बाराव्यांदा पाणी ह्यांनाच." त्या हसल्या, आणि मग ते हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. "खरं सांगू कोल्हापूरकर? या वेळी मला हरायचं होतं. हरले असते तर हाक मारावीच लागली असती. लाजत का होईना, मारली असती. जिंकलेल्यानं कसला दंड भरायचा?"

मी पुस्तक धोतरात गुंडाळत होतो. पाला बाहेर सांडणार नाही, कोपरे दुमडणार नाहीत, इकडेच माझं सगळं लक्ष. जाताना त्यांनी तुटलेल्या वहाणेचा अंगठा सुतळीनं बांधून दिला. मी आभार मानले आणि जवळजवळ पळतच निघालो, त्यांचं मन बदलेल या भीतीनं.

कोल्हापूर

शनिवारी घरी पोचलो. बायकोला म्हटलं, "बारा झाली!" ती म्हणाली, "आता तरी कपाटाला कुलूप लावा आणि माणसांत या." मी त्या दिवशी तिच्याशी गोड बोललो, इतका खूश होतो.

रविवारी सकाळी वही काढून नोंद करायला बसलो. वेष्टन, पाठ, शिवण. मग पानं. शेवटच्या पानाचा आकडा एकशे ब्याण्णव. दुसऱ्या आवृत्तीतही तेवढीच असणार म्हणून सवयीनं बघितलं तर एकशे शहाऐंशी.

तेच टाइप, त्याच ओळी, तोच समास. मग सहा पानं गेली कुठं? हा प्रश्न मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला आपोआप पडतो. रोजचं काम आहे माझं. आणि तेव्हा दुसऱ्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर 'आवृत्ती दुसरी, सुधारलेली' हे शब्द मला पहिल्यांदा दिसले. म्हणजे दिसत आले होते, चार वर्षं. मी समजलो होतो, छपाईच्या चुका सुधारल्या असतील. ठाण्याच्या त्या प्रतीवरची पेन्सिलही आठवली. 'वकिलावर लक्ष ठेवा.' मी तो डाग म्हणून वहीत टिपला होता. ते वाक्य होतं!

फर्मा खालून वाकवून आत डोकावलो. अर्धवट ओळी दिसत होत्या. '...साहेबांचा काळा कोट...' एवढं वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं.

बायको दारात उभी होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग कापा की."

"कापलं की प्रत गेली."

"अहो, त्या बाईचा नवरा हरला म्हणून सांगून आलाय तुम्ही तिला. आणि प्रत गेली म्हणून रडताय?"

मी सुरी घेतली. पहिली घडी कापताना सरळ गेली, दुसरी थोडी फाटली. उभ्या उभ्याच वाचलं. दिव्याची वात वर झाली, तिघं समोर उभे, आणि बेड्या वकिलाच्या हातात. पुढची सहा पानं त्यानं हे कसं केलं याची. दुसऱ्या आवृत्तीत लेखकानं खुनी का बदलला, मला ठाऊक नाही. कोणी वकिलानं नोटीस दिली असेल, किंवा लेखकाची मुलगी वकिलाच्या घरी दिली असेल. ते जाऊ दे. आपटे बरोबर होते. आयुष्यात एकदाच बरोबर आले होते, आणि मी तिथं जाऊन त्यांना पुन्हा हरवून आलो होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

पत्र टाकलं असतं, पण गुरुवारच्या आत पोचेल याची खात्री नव्हती. सोमवारी मालकांपुढे जाऊन उभा राहिलो. टेबलावर दिवाळी अंकांची मुद्रितं ढिगानं पडलेली. मालक म्हणाले, "पुन्हा रजा? आता कोण वारलं?"

"एक माणूस जिंकलाय," मी म्हटलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाले, "जा, पण शुक्रवारी इथं दिसला नाहीत तर त्याच माणसाकडं नोकरी बघा."

पुन्हा डोंबिवली

बुधवारी दुपारी पोचलो. या वेळी स्टेशनाबाहेरच वहाणा हातात घेतल्या. आपट्यांच्या घरात वळकट्या बांधलेल्या, भांडी गोणपाटात, भिंतीवर फळ्यांचे नुसते व्रण. वहिनी एका पेटीवर बसून कुलपाला तेल घालत होत्या.

"अगंबाई, कोल्हापूरकर! काय विसरलात?"

"वाचायला विसरलो होतो," मी म्हणालो. आणि मग उभ्यानंच सगळं कबूल केलं. फर्मा का कापला नाही, ती दुसरी आवृत्ती का काढली, सुधारलेली हा शब्द, सहा पानं, सगळं. बेड्या कोणाच्या हातात पडल्या ते तेवढं सांगितलं नाही. पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "दुसरी घडी फाटली तुमची," त्या म्हणाल्या. "हे ओरडले असते." आणि वाचायला लागल्या, मनातल्या मनात, ओठ हलवत. मी विहिरीकडे तोंड करून बसलो. फार वेळ गेला नसेल, पण मला तो फार वाटला.

"वकील," मागून आवाज आला.

मी वळलो. वहिनी त्याच पानावर बोट ठेवून बसल्या होत्या.

"वकीलच! अहो, म्हणजे ह्यांना कळलं होतं. सगळं कळलं होतं, कोटाचं बटणसुद्धा. मला म्हणाले होते बटणाचं, मी हसले होते." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावर कडाडल्या, "आणि तुम्ही हो! पोथी न उघडता नुसतं हळदकुंकू वाहणारे तुम्ही! कपाटभर पुस्तकं आणि एकाचाही शेवट ठाऊक नाही!"

"चुकलो वहिनी."

"चुकलात तर चुकलात. आता मात्र हे पुस्तक मी देणार नाही. जबलपूरला येईल माझ्याबरोबर."

"द्यायला नकोच," मी म्हणालो, आणि मला तसंच वाटत होतं, याचं मलाच नवल वाटलं. त्यांना पेन्सिल हवी होती, माझ्या खिशात होती ती दिली. कोऱ्या पानावर त्या दोन ओळींखाली त्यांनी लिहिलं, 'मी हरले.' अक्षर चांगलं ठळक आलं.

मग त्या उठल्या. परसदारी गेल्या. समोर विहीर, रहाट, पलीकडे भाताची खाचरं. शेजारची बाई धुणं वाळत घालत होती. वहिनी उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही तिकडे बघा जरा."

मी भिंतीकडे बघितलं.

"केशव," त्या म्हणाल्या. आवाज लागलाच नाही. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा हाक मारली, या खेपेला विहिरीपलीकडे जाईल एवढ्यानं. "केशव!"

शेजारणीचा धुणं झटकायचा आवाज थांबला. मग पदर सावरल्याची चाहूल लागली आणि वहिनींचा नेहमीचा आवाज आला, "ऐकलंत ना? आता पुन्हा नाही हं मारणार."